बिल जेवणानंतर

छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी २०२४

प्रिय सुरेखा,

आठवीत भूगोलाच्या तासाला आपण महाराष्ट्राचा पावसाचा नकाशा रंगवत होतो. माझ्याकडे पूर्ण रंगपेटी होती आणि तुझ्याकडे एक निळी पेन्सिल, तीही अर्धी. सिस्टरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, कोकण गडद निळं, घाट निळा आणि आपला मराठवाडा फिकट पिवळा. तू तुझ्या गावाच्या, पाचोडच्या जागी एक ठिपका काढलास आणि तो घोटून घोटून निळा केलास. सिस्टरांनी विचारलं तेव्हा म्हणालीस, "शनिवारी घरी गेले होते, तर लई पाऊस झाला. माझ्या चपला वाहून गेल्या." वर्ग हसला, सिस्टर हसल्या नाहीत. नकाशात सरासरी असते, तुझ्या चपला नसतात, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि तुला ठिपका खोडायला लावला. खोडता खोडता कागद फाटला. मग आपण डब्याच्या सुट्टीत नकाशे बदलले होते. फाटका मी घेतला.

हे आठवायचं कारण, तसाच एक नकाशा आता आपल्या ऑफिसात भिंतीवर दिसतो. कागदाचा नाही, पडद्यावरचा. माझ्या मंदारची बायको मृण्मयी तू लग्नातच पाहिलीस. लग्नानंतरही ती पुण्याच्या कंपनीत आकड्यांची चित्रं काढण्याचंच काम करायची. तिने आपल्या दोन्ही दुकानांची, शहागंजची आणि सिडकोची, सात वर्षांची बिलं एका सॉफ्टवेअरमध्ये घातली. त्यासाठी तिने तीन सॉफ्टवेअर लावून पाहिली. एक फार देखणं होतं, पण दरवर्षी पैसे मागणारं. एक फुकट होतं, पण आपली सगळी बिलं इंटरनेटवर ठेवा म्हणणारं. तिसरं ऑफिसच्या इतर सामानासोबतच येतं, दिसायला साधं, पण आपल्या बिलांच्या फायली न कुरकुरता वाचणारं. ते घेतलं.

खरं सांगते, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्ची ओढून समोर बसले. महिन्यावर बोट ठेवलं की त्या महिन्याच्या साड्या. साडीवर ठेवलं की ती कुठल्या गावाला गेली ते. बिलावर आपण पत्ता लिहितो ना, त्यावरून नकाशावर गावोगाव रंग चढतो. इतकी वर्षं जे मी मनात अंदाजाने धरून चालत होते, ते समोर उभं. लाल काठाच्या साड्या संपत आल्यात असं मला वाटायचं; त्या खरंच संपत आल्यात.

त्यात शहागंजच्या विक्रीची पट्टी लाल आहे. सिडकोची हिरवी, उंच. शहागंजची जमिनीला टेकलेली. मंदारचं म्हणणं, ती जागा आता भाड्याने द्यावी. भागीदारीच्या कागदात आपल्या तिघांच्या सह्या लागतात, तुझी, मंदारची, माझी. कागद सोबत ठेवला आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मंदार म्हणाला होता, दोन ओळी लिही.

घाई नाही. सावकाश वाच. तिळगूळ घरचा आहे, तुझ्या सासूबाईंना, आवडाबाईंना बारीक कुटून दे.

तुझी,
भानू

७ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुरेखा,

तुझी सही आली. मंदारच्या टेबलावर पाकीट होतं. मी ते उलटं करून झटकलं, की आत एखादी चिठ्ठी अडकली असेल. नव्हती. पाच वर्षं तुझ्या हातचं अक्षर पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते फक्त नाव, तेही इंग्रजीत, शाळेत शिकवलेलं तिरकं अक्षर.

मला वाटलं होतं तू भांडशील. आवडाबाईंबद्दल तुला जसं वाटायचं, की सासू ओरडते तोवर ठीक, गप्प बसली की काहीतरी बिनसलंय, तसं झालं.

घाई नाही असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नव्हतं. एका मोबाइल विकणाऱ्या कंपनीला जागा हवी आहे आणि अठरा मार्चला उपनिबंधकांकडे नोंदणीची वेळ घेतलेली आहे. तुला पत्र लिहिलं तेव्हाच घेतली होती.

आता तुला वाटेल, सही झाली, तर ही का लिहिते? सांगते. दर सोमवारी आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसतो. पूर्वी मंदार आणि मी वाद घालायचो. तो म्हणायचा, पैठणी ठेवू नकोस. मी म्हणायचे, ठेव. दोघांच्याही हातात काही नसायचं, म्हणून दोघंही ऐकायचो. आता चित्र आलं की सगळे मान हलवतात. मीही हलवते. परवा मी विचारलं, "ही पट्टी लाल कशी होते?"

मृण्मयी म्हणाली, "अहो आई, टार्गेटच्या खाली गेली की लाल."

"टार्गेट कोणी ठरवलं?"

मंदार म्हणाला, "मी."

"मग तू वर ठरवलंस तर सिडकोही लाल होईल."

"आई, तू आता रंगावरून भांडू नको."

रंगावरून मी भांडत नाही. चांगलं ते चांगलं म्हणते. मागच्या वर्षी पाऊस रुसला तेव्हा पोळ्यापासूनच आम्हाला दिसलं, की गंगापूर-वैजापूरच्या बाजूने जरीच्या साड्या कमी होऊन साध्या वाढतायत. आम्ही सुरतेची ऑर्डर निम्मी केली. नसती केली तर आज गोदामात बसायला जागा नसती. हे मला माझ्या अंदाजाने दिवाळीला कळलं असतं, तेव्हा उशीर झाला असता. शिवाय ते तोंड पाहून बोलत नाही, मंदार मालकिणीचा मुलगा आहे हे त्याला ठाऊक नाही. पण त्याला जे विचारावं तेवढंच ते सांगतं, आणि इतक्या ठामपणे सांगतं, की अजून काही विचारायचं होतं हेच माणूस विसरतो.

माझी सही अजून झालेली नाही. चष्म्याचा नंबर बदललाय, नवा आला की वाचून करते, असं सांगितलं आहे. चष्मा परवाच आला, माझ्या पर्समध्ये आहे.

भानू

२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुरेखा,

हे पत्र नीट वाच. बाकीची नाही वाचलीस तरी चालेल.

आज मी शहागंजला गेले होते, आवरायचं तर मालाची पाहणी सुरू करावी म्हणून. पायऱ्यांवर तीसेक चपला. वर बस्ता चालू होता. वेरूळकडची मंडळी, दोन्हीकडची मिळून गादी भरलेली. मी तुझ्या जागी जाऊन बसले, खिडकीशी. वरमाय म्हणत होती, "ह्यो रंग आमच्यात कुणी नेसत नाय."

नवरीची मावशी म्हणाली, "तुम्ही नका नेसू, विहीणबाई. नवरी नेसणारय."

"मग नवरीला पुढं आमच्यातच रहायचंय."

"व्हय, पण शालूत रहायचं नाय तिला, लुगड्यात राहील."

सगळे हसले आणि पुन्हा पहिल्यापासून शालू उलगडायला लागले. आपण दोघी असतो तर तू मधे पडून तिसराच रंग काढला असतास.

नवरीकडून पाचोडचा कडुबा आला होता, तोच, आपल्याकडे वर्षाला चार-पाच सोयरिकींचे बस्ते घेऊन यायचा. मला पाहून उठला. "बाई, दुकान उठतंय म्हनं?"

"कोण म्हणालं?"

"खालचा अत्तरवाला. 'बाई की दुकान जारी बोलके सुना मैं,' म्हनला." मग म्हणाला, "इंद्रजीतचं ठरलं, ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. तुझा इंद्रजीत माझ्या मांडीवर बसून गल्ल्यातली नाणी लावायचा, त्याचं लग्न ठरलं आणि मला कडुबाकडून कळलं. मी विचारलं, "बस्ता?"

"जालन्याला बांधायचं ठरवलंय आक्कानं."

मी म्हणाले, "जालन्यात माल चांगला असतो." दुसरं काय म्हणणार.

दुपार टळून गेली तेव्हा शालूवर एकमत झालं. मानाच्या साड्या निघाल्या, फेटे निघाले, टॉवेल-टोप्या निघाल्या. सगळं गाठोड्यात बांधलं, टेम्पोत घातलं आणि मंडळी सिडकोच्या दुकानी जेवायला गेली. तिथे वरच्या मजल्यावर जेवण, आणि जेवणानंतर बिल. तुझाच नियम. भुकेली माणसं दर साडीला भांडतात, एका पंगतीला बसून उठली की सोयरी होतात, मग आकडा सांगा, असं तू म्हणायचीस. जेवल्याशिवाय बिल नाही. आपण दोघींनी हा नियम कधी मोडला नाही. एकोणीसच्या उन्हाळ्यात शहागंजला नळ येईना तेव्हा मंदारने जेवण सिडकोला हलवलं, दारावर पाटी लावली, तू ती वाचलीस, "टँकरच्या गावातून माणसं आली आणि आपण त्यांना पाणी नाही म्हणून पाटी दाखवायची?" एवढंच म्हणून पायऱ्या उतरलीस, त्या पुन्हा चढली नाहीस. नियम मात्र तसाच राहिला. जेवण हललं, त्याच्यामागे बिल हललं.

संध्याकाळी मी घरी येऊन मोबाइलवर ते चित्र उघडलं. आजचं शहागंज: दोन परकर, एक टॉवेल. लाल. आजचं सिडको: हिरवी पट्टी छतापर्यंत.

सुरेखा, ज्या शालूवरून माझ्या डोळ्यांसमोर अर्धा दिवस भांडण झालं, तो शालू सिडकोने विकला होता. सिडकोत तो कोणी उलगडूनही पाहिला नव्हता. आणि असं आजच झालेलं नाही, पाच वर्षं प्रत्येक बस्त्याचं असंच होतंय.

तू ज्या चित्रावर सही केलीस ते चित्र चुकीचं आहे. ते चित्र मी तुला पाठवलं. उद्या मंदारशी बोलते.

भानू

४ मार्च २०२४

प्रिय सुरेखा,

बोलले. आठवडाभर दुसरं काही बोललोच नाही.

मंदार म्हणाला, "आई, बिल जिथं, विक्री तिथं. सरकारही तेच धरतं."

"मग सिडकोत पोळ्या लाटणाऱ्या केसरबाईला वर्षाचं बक्षीस दे. तिच्या पोळीनंतरच सगळी बिलं होतात."

मृण्मयीला हसू आलं, तिने ओढणी तोंडाला लावली. मंदारला नाही आलं. तो म्हणाला, "हे सॉफ्टवेअरचं खापर नाही. जे भरलं ते त्याने दाखवलं."

"ते कोणी भरलं?"

मृण्मयी हळूच म्हणाली, "अहो आई, मी सुरुवातीला विचारलं होतं. दुकान म्हणजे कुठलं धरू, माल निवडला ते की बिलावरचं. बिलावरचं धर, असं सांगितलं."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. तुम्ही पोहे करत होता."

असं आहे ते. माझ्याकडे विचारायला आली, तेव्हा मला तो प्रश्न कारकुनी वाटला. आमच्या ह्यांची, श्रीनिवासांची, आयुष्यभर कलेक्टर कचेरीत नोकरी, त्यांनी मला हेच शिकवलं होतं की कागदावर जे ठिकाण तेच ठिकाण. ज्या घरात जेवणानंतर बिल हा नियम मीच पाळते, त्या घरात मीच उत्तर दिलं, बिलावरचं धर. बाहेरच्या माणसाने दहादा विचारलं असतं.

पण मृण्मयीचं कौतुक करावं तेवढं थोडं. शहागंजहून टेम्पो निघतो तेव्हा वाटेत दाखवायच्या कागदासाठी प्रत्येक साडीची बारकोडची पट्टी यंत्रावर टिपली जाते. त्या नोंदी होत्याच, विक्रीच्या नव्हत्या म्हणून चित्रात घेतल्या नव्हत्या. तिने त्या घेतल्या आणि दुपारी मला हाक मारली. मी पाहिलं तेव्हा शहागंजची पट्टी उठून उभी होती आणि सिडकोची कमरेपर्यंत बसली होती. तेच सॉफ्टवेअर, त्याच साड्या.

मंदारने दोन्ही चित्रं शेजारी लावून पाहिली. मग म्हणाला, "ठीक आहे. चूक होती. मग हेही बघ." त्याने वर्षांवर बोट ठेवलं. बस्ते दोन्हीकडे उतरतायत. मुलं-मुली सिडकोत येतात, मोबाइलमधला फोटो दाखवतात, चहा संपायच्या आत साडी घेऊन जातात. गादीवर अर्धा दिवस बसणारी मंडळी दरवर्षी कमी. "दोन चित्रांपैकी तुला आवडलं ते खरं, असं करू नको, आई."

हे त्याचं बरोबर आहे.

आणि अजून एक आहे. ते लिहायचं की नाही, यात दोन दिवस गेले. नवीन चित्रात शहागंजच्या गावांचा नकाशाही बदलला. मृण्मयीने विचारलं, "आई, पैठण तालुक्याचा पूर्वेचा भाग असा पांढरा का?"

मी म्हणाले, "दुष्काळ." मी सगळ्यांना हेच सांगत आले. पाचोडची माणसं येत नाहीत, कारण दुष्काळ, मग करोना, मग पुन्हा दुष्काळ. तिने शेजारचा अंबड उघडला, मग गंगापूर, मग वैजापूर. तिकडेही टँकरच आहेत. करोनात तेही पांढरे झाले होते, पुढच्याच वर्षी पुन्हा भरले. पाचोड, आडूळ, त्या सगळ्या वाड्या एकोणीसच्या मे महिन्यापासून पांढऱ्या, त्या तशाच.

"मे २०१९ ला काय झालं होतं?" तिने विचारलं. तिला माहीत नाही. ती तेव्हा पुण्यात होती.

मी म्हणाले, चहा ठेवते.

आता तुला खरं सांगायचं तर, हे मी त्या यंत्राला कधीच विचारलं नसतं, म्हणूनच त्याने दाखवलं ते बरं झालं. शहागंजचं ते खोटं बोललं, कारण आम्ही त्याला अर्धंच सांगितलं. तुझं ते खरं बोललं. पावसाने नाही, पाचोड तुझ्याबरोबर गेलं.

भानू

१९ मार्च २०२४

प्रिय सुरेखा,

काल नोंदणी होती. मी मंदारबरोबर गेले. जाताना काही बोलले नाही, कारण माझं काय ठरलंय ते मलाच माहीत नव्हतं. नवा चष्मा लावून गेले होते.

त्या कचेरीत तू कधी गेली नसशील. लोखंडी बाकं, पंखा, भिंतीवर नंबर दाखवणारा दिवा. कंपनीचा तरुण माणूस इस्त्रीच्या शर्टात, मला 'मॅम' म्हणत होता. आमचा नंबर लागला. आधी मंदारने अंगठा दिला, फोटो दिला. तुझ्या वतीने कागद होता. मग कारकून म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्याकडे बघा." मी बघितलं. "आता इथे अंगठा ठेवा."

मी हात मांडीवरच ठेवला.

"मावशी, अंगठा."

मंदार म्हणाला, "आई."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, त्यांचं होत नसंल तर आमचं घ्या, उन्हाचं आलोय." कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं. मी कारकुनाला म्हणाले, "माझी सही नाही. पुढच्यांना घ्या." त्याने खांदे उडवले आणि पुढचा नंबर पुकारला. इतकं सोपं असतं ते.

बाहेर आल्यावर मंदार म्हणाला, "हे घरी सांगायचं होतंस."

"घरी तू चित्र दाखवतोस."

"आणि तू काय दाखवतेस? लोकांसमोर तमाशा?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. घराचं वळण गेलं तरी तो गाडी सरळ चालवत राहिला आणि शहागंजच्या तोंडाशी थांबला. "उतर. बस तुझ्या दुकानात."

मी उतरले, वर गेले आणि बसले. गिऱ्हाईक नव्हतं. खालून अत्तराचा वास येत होता.

संध्याकाळी मृण्मयी न्यायला आली. तिनेच निरोप आणला. कंपनी पाडव्यापर्यंत थांबायला तयार आहे. मंदारचं म्हणणं असं: पाचोडची बाजू नसेल तर शहागंज दोन वर्षंही चालणार नाही, हे आईच्याच नकाशात दिसतंय. तर सुरेखामावशी परत येते का ते पाडव्यापर्यंत बघ. आली, तर सिडको तो घेईल, शहागंज आपण दोघींनी चालवायचं, वेगळा हिशोब, वेगळी जबाबदारी. नाही आली, तर आईने अंगठा द्यायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही. मी कबूल केलं.

म्हणजे आता तुझ्यावर आहे. मी तुला परत ये म्हणत नाही, सुरेखा. पाच वर्षं मी दुष्काळावर ढकललं, तुझ्याकडे एकदाही आले नाही. पाचोड इथून किती लांब आहे? रविवारच्या बाजाराला माणसं जाऊन परत येतात. पण एवढं लिही, की येणार नाहीस. गप्प राहू नको. तू गप्प राहिलीस तर मी पाडव्याला अंगठा देईन आणि मला कायम वाटत राहील, की पत्र पोहोचलं नसेल.

मंदार माझ्याशी जेवायच्या टेबलावर अजून बोलत नाही. मीठ मृण्मयीकडून मागतो.

भानू

२ एप्रिल २०२४

प्रिय सुरेखा,

काल कडुबा आला. पायऱ्या चढून आला, टोपी काढली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आक्कानं इचारलंय, पानी कुठून आणनार?"

"अजून काय म्हणाली?"

"एवढंच. मी म्हनलं, चिठ्ठी द्या. तर म्हनली, चिठ्ठ्या लई झाल्या."

तो गेल्यावर मी हसले की रडले, ते अत्तरवाल्याला विचार. तो वर बघायला आला होता.

तर ऐक, पाणी कुठून आणणार. शहागंजला नळ आठवड्याने येतो, त्यावर पंगत होत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. सिडकोच्या इमारतीखाली मोठी टाकी आहे, टँकर तिथे येतो. जो टेम्पो शहागंजहून गाठोडी घेऊन सिडकोला जायचा, तोच आता सकाळी सिडकोहून पाण्याचे कॅन घेऊन शहागंजला येईल. मंदारने टेम्पो द्यायचं कबूल केलं आहे. मला नाही सांगितलं, मृण्मयीला सांगितलं, पण मी स्वयंपाकघरात असताना, मला ऐकू जाईल अशा बेताने. पत्रावळीवर जेवण, घासायला भांडी फक्त स्वयंपाकाची. केसरबाई यायला तयार आहे, म्हणते, सिडकोत जिना चढून गुडघे गेले, तशा शहागंजलाही पायऱ्याच आहेत, पण त्या ओळखीच्या आहेत. मृण्मयीने विचारलं, पाण्याचे कॅन सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या रकान्यात टाकू? मी म्हटलं, ह्या वेळी पोहे बाजूला ठेवून उत्तर देते. आम्ही दोघी अजून विचार करतोय. दर महिन्याला ती शहागंजचं चित्र काढून आणणार आहे, आणि त्यात लाल दिसलं तर मी रंगावरून भांडणार नाही. आधी काय भरलं होतं ते विचारीन, मग ऐकेन.

इंद्रजीतचा बस्ता जालन्याला ठरलाय, तो तिथेच होऊ दे. दिलेला शब्द फिरवू नको. पण कडुबाबरोबर एक गाठोडं पाठवते आहे, त्यातलं कोणाचं काय, ते लिहिते. गाठोडं तू स्वतः सोड, सुनांच्या हाती देऊ नको, त्या घड्या विस्कटतात.

सगळ्यात वर हिरवं नऊवारी आहे, ते आवडाबाईंचं आजेचीर. नातवाच्या लग्नात आजीचा मान आधी. एकदा धुऊन, खळ काढून पाठवलं आहे, त्यांना कडक कापड टोचतं. त्यांना सांग, भानूने दिलं. ऐकू नाही आलं तर हातात दे, पोत ओळखतील.

त्याखाली पिवळी साडी, ती नव्या सुनेला हळदीसाठी. तिचं नाव मला कोणी सांगितलं नाही, म्हणून चिठ्ठीवर 'इंद्रजीतची' एवढंच लिहिलंय. राग मानू नको म्हणावं.

केशरी फेटा इंद्रजीतला. तो बांधायला कडुबालाच सांग, दुसऱ्या कोणाच्या हाताने घट्ट बसत नाही. कडुबाला टॉवेल-टोपी वेगळी बांधलीय. तो नको म्हणेल, तरी दे. दोन घरांच्या मधे हेलपाटे घालणाऱ्याला आपण दोघींनी कधी रिकामं पाठवलेलं नाही.

विहीणबाईंची निळी. त्यांना कोणता रंग चालतो मला माहीत नाही. चालला नाही तर तुझ्या मोठ्या सुनेला दे आणि त्यांना नंतर इथून दुसरी नेऊ.

तो फाटका नकाशा, आठवीचा, माझ्याकडे अजून होता. तो मृण्मयीला दिला. तिने पडद्याशेजारी भिंतीला लावला आहे. मंदारने विचारलं, हे भोक कसलं? तिने त्याला सांगितलं, पाचोड.

पाडवा पुढच्या मंगळवारी आहे. जो कागद तू सही करून पाठवला होतास, तो ह्या गाठोड्यात तळाशी ठेवलाय. तो तुझा तुला परत. फाडायचा की ठेवायचा ते तू ठरव.

तुझी साडी गाठोड्यात नाही. शोधू नको. वरमाईची साडी दुसऱ्याने निवडायची नसते. ती तू इथे खिडकीशी बसून निवड, हव्या तेवढ्या उलगडायला लाव. सोमवारी ये, पाणी सकाळीच आलेलं असेल. आधी जेवू.

बिल जेवणानंतर.

भानू